किल्ली कुणाच्या खिशात?

रविवारी सकाळी वेरूळला चहाच्या टपरीवर बुलेटांची रांग लागते. दौलताबादचा घाट चढून आलेली पोरं, जॅकेटवर कवटी. बायका असल्याच तर मागच्या सीटवर.

ही कवटी आली कुठून? दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत मोटरसायकलवाल्यांच्या टोळ्या वाढल्या. १९४७ला हॉलिस्टर गावातला त्यांचा धिंगाणा गाजला, १९४८ला कॅलिफोर्नियात हेल्स एंजल्स उभी राहिली. पंख असलेली कवटी हे तिचंच चिन्ह. पोलिसांना न जुमानणारे हे गडी बाईला मात्र सभासद करत नाहीत. अशा टोळ्यांत बाईच्या जॅकेटवर 'अमक्याची मालमत्ता' असं लिहायची रीत होती. सगळे कायदे मोडले, बाईला मागे बसवायचा तेवढा पाळला.

गंमत म्हणजे अमेरिकेतच बायकांचा 'मोटर मेड्स' क्लब १९४०चा, म्हणजे यांच्याही आधीचा. आपल्या पुण्यात २०११ला 'बायकर्नी' सुरू झाली.

आणि आम्ही पत्रकार? पाडव्याला नऊवारीतली बुलेटस्वार दिसली की फोटो पहिल्या पानावर. मीही छापलाय. दुसऱ्या दिवशी किल्ली कुणाच्या खिशात गेली, हे कधी विचारलं नाही.

घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, हे आपण वेरूळकर अभिमानाने सांगतो. मग घरच्या पोरीला गाडीची किल्ली देताना हात का आखडतो?