राखणदाराचा डाग

जुन्या इंग्रजी रहस्यकथेंतील गुप्तहेर हा बहुधा बुद्धीचा पुतळा असे. शेरलॉक होम्सनें पाऊलखूण न्याहाळावी आणि गुन्हेगार दाखवून द्यावा. त्याच्या अंगाला चिखल सहसा लागत नसे. पुढें अमेरिकेंत १९२९ सालीं डॅशिएल हॅमेट याची ‘रेड हार्व्हेस्ट’ व १९३९ सालीं रेमंड चँडलर याची ‘द बिग स्लीप’ या कादंबऱ्या निघाल्या आणि निराळाच नायक लोकप्रिय झाला. हॅमेटनें स्वतः पिंकर्टन संस्थेंत खासगी गुप्तहेराची नोकरी केली होती. त्याचा नायक मोल घेऊन राबतो, खोटें बोलतो, गुंडांच्या पंक्तीला बसतो. परंतु पत्करलेलें काम सोडीत नाहीं. मराठींत बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाडहि कायद्याची वेस ओलांडूनच दुष्टांचें पारिपत्य करतो. अशा डागाळलेल्या माणसावर वाचकाचा जीव कां जडावा?

याचें उत्तर आपल्या गांवगाड्याच्या इतिहासांत सांपडतें. मेढा हें जावळी तालुक्याचें ठाणें. साताऱ्याहून महाबळेश्वराकडे जाणारी एक वाट येथूनच पुढें केळघरचा घाट चढते. आज येथें चोरी झाली तर लोक पोलिसांकडे धांव घेतात. पेशवाईंत साताऱ्याच्या व पुण्याच्या मुलखांत हें काम पुष्कळ गांवीं रामोशी करीत. रात्रीं गस्त घालावी, परक्या माणसावर नजर ठेवावी, चोरी होतांच माग काढीत शिवेपर्यंत जावें आणि तो पुढच्या गांवाच्या हवालीं करावा. ज्या गांवाला आपल्या हद्दीबाहेर माग दाखवितां येत नसे, त्यावर भरपाईचा बोजा पडे. चोराचीं पाउलें चोरालाच ठाऊक, असें लोक म्हणत, आणि तरीहि घराची राखण त्याच हातीं सोंपवीत. या विश्वासांत थोडी भीतीहि मिसळलेली होती; राखणदार रुसला तर गांवाची झोंप उडे.

१८१८ नंतर इंग्रजी अंमलांत रामोशांचे जुने हक्क ढासळले. पुरंदरच्या परिसरांतील उमाजी नाईकानें बंड केलें. त्याला आवरणें कठीण होतांच १८२८ सालीं सरकारनें त्याला माफी देऊन आपल्याच नोकरींत घेतलें. बंडखोर तोच बंदोबस्ताचा अधिकारी झाला! हा मेळ टिकला नाहीं. तो पुन्हा बाहेर पडला, १८३१ च्या डिसेंबरांत पकडला गेला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास फांशीं गेला. त्याच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशनें पुढें १८३३ सालीं रामोशांवर पुस्तकच प्रसिद्ध केलें. शत्रूलाहि हा माणूस एका शब्दांत उरकतां आला नाहीं.

सरकारी दप्तराला पोलीस आणि चोर अशा दोनच वह्या ठाऊक असतात. दोहोंच्या शिवेवर उभा असलेला माणूस त्यांत मावत नाहीं. वाईट हें कीं, एकाच्या नांवापुढील शेरा मग साऱ्या जमातीच्या माथीं मारला जातो. कथा मात्र त्याला जागा देते. वाचक त्याचें पाप विसरत नाहीं. पण हा रात्रीं कोणासाठीं जागा आहे, एवढा प्रश्न तो आधीं विचारतो. गांवानेंहि पूर्वीं तोच विचारला होता.