सिंदेवाहीची पहाट आणि व्यायामाची वेळ

व्यायाम पहाटेच करावा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सिंदेवाहीच्या जंगलपट्ट्यात मात्र पहाट पिढ्यान्‌पिढ्या कामाची वेळ होती. मोहफूल रात्रीतून गळते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये उजाडण्याआधीच टोपली घेऊन झाडाखाली जावे लागे. मे महिन्यात ऊन चढण्याआधी तेंदूपत्ता तोडून घरी आणायचा आणि पुडे बांधायला बसायचे. शेजारच्या ब्रह्मपुरीत पारा 47 अंशांवर जातो. तिथे भरदुपारी राबणार कोण? रोवणीच्या दिवसांत तर दिवसभर चिखलात वाकणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला हवा होता! पहाटेच्या व्यायामाला प्रतिष्ठा मिळाली ती आखाड्यांमुळे, अमरावतीत 1914 साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांमुळे आणि भल्या सकाळी सामुदायिक ध्यानाला बसवणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या शिकवणीमुळे.

आज पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी मुले तीच प्रतिष्ठित पहाट गाठतात, पण मैदान नसल्याने अंधारात, डांबरी रस्त्यावर. ऑगस्ट 2025 मध्ये गडचिरोलीजवळच्या काटली इथे असाच व्यायाम करणाऱ्या मुलांना ट्रकने चिरडले, चौघे गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा माल इथल्या तीन स्त्रिया तेंदूपत्ता तोडताना वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्यांना जंगलात जाणे भागच होते. धावणाऱ्याचे तसे नाही, म्हणून त्याने वेळ निवडलीच पाहिजे.

यावर कोणी आयुर्वेदाचा दाखला देईल. पण वाग्भटाने व्यायामाला ऋतूचे बंधन घातले आहे: अर्ध्या शक्तीने करायचा तो थंडीत आणि वसंतात, एरवी त्याहून कमी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शरीराचे तापमान दुपार उलटल्यावर सर्वाधिक असते आणि स्नायूंची ताकदही तेव्हाच भरात असते, मग संध्याकाळ का नको? हिवाळ्यात जरूर, पण दिवस मावळायच्या आत, कारण तिन्हीसांजेला वाघ फिरू लागतो. उन्हाळ्यात पाच वाजताही झळा ओसरलेल्या नसतात. तेव्हा नीट दिसू लागल्यापासून ऊन तापेपर्यंतचा तास-दीड तासच खरा, तोही सोबतीने. अंधारात उठण्यातच शिस्त आहे असे मानणाऱ्या प्रशिक्षकांनी हा तास मुलांना द्यावा, आणि तालुक्याने त्यांना रस्त्यापासून दूर, कुंपण घातलेले मैदान द्यावे.