मित्र म्हणजे प्रतिनिधी नव्हे : कॅस्ट्रो ते भादली बुद्रुक

समलिंगींचा प्रश्न हा आपला प्रश्न नाही, तो पुण्या-मुंबईतल्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांचा प्रश्न आहे, असे बीड जिल्ह्यातल्या आपल्या बैठकांत आम्ही अनेकदा ऐकले आहे. बोलणारे परके नसतात. जयंतीच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणारे, नामविस्तार दिनाला विद्यापीठ गेटवर हजर असणारे, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात धावणारे आपलेच कार्यकर्ते असतात. त्यातला एखादा समजूतदार माणूस पुढे जाऊन म्हणतो, "त्यांच्यावर अन्याय झाला तर आम्ही उभे राहूच ना! त्यांनी स्वतः निवडणुकीला कशाला उभे राहायचे?"

हे वाक्य ओळखीचे आहे. शंभर वर्षांपूर्वी ते आपल्याबद्दल बोलले जात होते.

२७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. वय सत्तावीस, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. मताधिकार कुणाला द्यायचा याचा विचार ती समिती करत होती. अस्पृश्यांचे प्रश्न मांडायला उदारमतवादी हिंदू पुढारी आहेत की, असा त्या काळच्या भल्या लोकांचा सूर होता. बाबासाहेबांनी तिथे जो मुद्दा मांडला तो आजही आपल्या राजकारणाचा पाया आहे. विधिमंडळात एखाद्या समूहाच्या मताचे प्रतिनिधित्व झाले म्हणजे भागत नाही, त्या समूहातली माणसे प्रत्यक्ष तिथे बसली पाहिजेत. लोकांसाठीचे राज्य पुरेसे नाही, ते लोकांनी चालवलेलेही असले पाहिजे. आपण हे पाठ केले आहे. प्रश्न एवढाच, की ते फक्त आपल्यापुरते खरे आहे का?

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात हाच वाद १९७० च्या दशकात झाला. बाबासाहेबांची साक्ष तिथे कुणी वाचली असण्याचे कारण नव्हते. हार्वे मिल्क हा न्यूयॉर्ककडचा ज्यू कुटुंबातला माणूस. नौदलात होता, नंतर वॉल स्ट्रीटवर नोकरी केली. तरुणपणी तर तो कट्टर उजव्या गोल्डवॉटरचा प्रचार करत होता, हे त्याचे चाहते फारसे सांगत नाहीत. १९७३ मध्ये त्याने कॅस्ट्रो रस्त्यावर कॅमेऱ्याचे दुकान टाकले आणि त्याच वर्षी नगरसभेची निवडणूक लढवली. तिथे सभासदाला सुपरवायझर म्हणतात, आपण नगरसेवक म्हणू. बत्तीस उमेदवारांत दहावा आला. १९७५ मध्ये पुन्हा उभा राहिला. सहा जागा होत्या, हा सातवा आला. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी त्याला एका मंडळावर नेमले, पण कॅलिफोर्नियाच्या विधानसभेला उभे राहणार म्हणताच पाच आठवड्यांत काढून टाकले. १९७६ ची ती निवडणूकही तो हरला.

त्याला सगळ्यात जास्त विरोध कुणी केला असेल? शहरातल्या प्रतिष्ठित समलिंगी पुढाऱ्यांनी. त्यांचे म्हणणे होते, की आपले काही चांगले मित्र आहेत, उदारमतवादी आहेत, सत्तेत आहेत. त्यांना सांभाळून घ्यावे, आपण पुढे येऊन लोकांना भडकवू नये. मिल्कचे उत्तर सरळ होते. मित्र चांगलाच असतो, पण अंगावर आले की मित्राला दुसरीही गणिते असतात. शिवाय कुठल्या तरी खेड्यात एकटा पडलेला, आत्महत्येचा विचार करणारा समलिंगी मुलगा वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा त्याला आपला मित्र निवडून आलेला दिसून उपयोग नाही, आपल्यासारखाच माणूस निवडून आलेला दिसला पाहिजे. मताचे प्रतिनिधित्व आणि माणसाचे प्रतिनिधित्व यातला हाच तो फरक.

तीन वेळा हरलेला मिल्क ८ नोव्हेंबर १९७७ रोजी निवडून आला. माणूस तोच होता, भाषण तेच होते. बदलली होती ती निवडणुकीची पद्धत. तोवर अख्ख्या शहराने मिळून सगळे नगरसेवक निवडायचे, अशी रीत होती. अशा निवडणुकीत ज्याच्याकडे पैसा आणि ज्याच्या पाठीशी वर्तमानपत्रे, तोच येतो. १९७६ मध्ये मतदारांनी ती रीत मोडून वॉर्ड पद्धत आणली. मग एकाच निवडणुकीत काय झाले पाहा. कॅस्ट्रोच्या वॉर्डातून हार्वे मिल्क आला. दुसऱ्या वॉर्डातून एला हिल हच ही कृष्णवर्णीय स्त्री आली, तिसऱ्यातून गॉर्डन लाऊ हे चिनी वंशाचे गृहस्थ आले. कॅरोल रूथ सिल्व्हर ही लग्नाशिवाय आई झालेली स्त्रीही आली. दार एकासाठी उघडले की ते एकासाठीच उघडत नाही.

ज्याने पुणे करार वाचला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. अल्पसंख्याकाचा प्रतिनिधी कोण हे बहुसंख्याक ठरवू लागले, की बहुसंख्याकाला परवडेल असाच माणूस निवडून येतो. कांशीराम साहेबांनी १९८२ मध्ये अख्खे 'चमचा युग' याच दुखण्यावर लिहिले. आपल्याकडे २०१७ च्या महापालिका निवडणुकांत मुंबई सोडून इतर ठिकाणी चार-चार सदस्यांचे प्रभाग केले गेले. एवढा मोठा प्रभाग एकट्या अपक्षाला पायी फिरूनही पुरा होत नाही. त्यात कुणाचे फावले हे वेगळे सांगायला नको.

मात्र इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागेल. कॅस्ट्रोत समलिंगी लोक देशभरातून येऊन एका वस्तीत राहिले होते, म्हणून वॉर्ड त्यांच्या कामी आला. आपण तर गावोगावी गावकुसाबाहेर विखुरलेले, म्हणून तर बाबासाहेबांना राखीव जागा मागाव्या लागल्या. आणि समलिंगी माणूस आपल्यापेक्षाही विखुरलेला असतो. तो घराघरांत एकेकटा असतो. त्याला ना गल्ली ना भावकी. बीड, गेवराई किंवा केजमध्ये वॉर्ड कितीही लहान करा, त्याचे बहुमत कधीच होणार नाही. म्हणजे त्याला दोनच वाटा उरतात, इतरांशी युती किंवा पक्षाचे तिकीट.

युतीची वाट मिल्कने स्वतः चालून दाखवली. बीअरच्या ट्रकचालकांच्या युनियनने कूर्स कंपनीवर बहिष्कार पुकारला होता. मिल्कने शहरातल्या समलिंगींच्या बारमधून कूर्स हद्दपार केली आणि त्या बदल्यात युनियनकडे एकच गोष्ट मागितली, आमच्या पोरांनाही ट्रकवर काम द्या. ट्रकचालक आणि समलिंगी एका मंचावर! ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला हे गणित समजायला जड जाऊ नये.

नगरसभेत त्याला जेमतेम अकरा महिने मिळाले. नोकरीत, घर भाड्याने देताना समलिंगी म्हणून भेदभाव करता येणार नाही, असा नियम त्याने मंजूर करून घेतला. विरोधात एकच मत पडले, डॅन व्हाइटचे. ज्या नियमाने मिल्कला सगळ्यात जास्त प्रसिद्धी मिळाली तो मात्र कुत्र्याची घाण मालकाने उचलावी हा होता. नगरसेवकाचे काम असेच असते. समलिंगी शिक्षकांना शाळेतून काढण्याचा प्रस्ताव राज्यात मतदानाला आला, तेव्हा मिल्क गावोगावी फिरला आणि ७ नोव्हेंबर १९७८ रोजी तो प्रस्ताव पडला. वीस दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, त्याच डॅन व्हाइटने महापौर मॉस्कोनी आणि मिल्क या दोघांना गोळ्या घातल्या. व्हाइट माजी पोलीस होता. न्यायालयात तो खून ठरला नाही, सदोष मनुष्यवध ठरला. शिक्षा साडेसात वर्षांच्या आसपास, प्रत्यक्ष भोगली पाचेक वर्षे. खैरलांजीच्या निकालात अ‍ॅट्रॉसिटीचे कलम टिकले नाही, हे पाहिलेल्या माणसांना यावर भाष्य नको. आणि १९८० मध्ये त्या शहराने वॉर्ड पद्धतही रद्द केली. ती परत यायला २००० साल उजाडले.

आता आपल्याकडे येऊ. इथे समलिंगींच्या आधी तृतीयपंथी निवडणुकीत उतरले. या दोन ओळखी वेगळ्या आहेत, एकात एक मिसळू नयेत. पण दाराशी अडवणारा शिपाई एकच आहे. मध्य प्रदेशात कटनीच्या लोकांनी २००० साली कमला जान यांना महापौर केले. जागा महिलांसाठी राखीव होती. तुम्ही स्त्री नाही म्हणून न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. मते लोकांनी दिली होती, रकाना मात्र सरकारचा होता. पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. जानेवारी २०१५ मध्ये छत्तीसगडच्या रायगडमध्ये मधू किन्नर या दलित समाजातल्या तृतीयपंथी उमेदवार अपक्ष म्हणून महापौर झाल्या. आपल्या सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे, म्हणजे माऊली, यांना थेट सरपंच केले.

तरीही रकान्याचा प्रश्न सुटला नव्हता. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या जागेवर अर्ज भरला, तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने फेटाळला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. बीडची प्रकरणे ज्या खंडपीठात जातात तेच हे खंडपीठ. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला सांगितले. त्या स्त्री म्हणून जगतात, कायद्याने त्यांना तो अधिकार आहे, हा आधार. अंजली पाटील निवडून आल्या. कटनी ते भादली एवढा प्रवास करायला अठरा वर्षे लागली, आणि तो रस्ता संविधानाने केला. ज्या ३७७ च्या निकालाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या बाहेर आले, त्यातही बाबासाहेबांची संविधानिक नैतिकतेची संकल्पना मध्यवर्ती आहे. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'च्या र. धों. कर्व्यांवर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील बाबासाहेब होते. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हा प्रश्न आपला नाही म्हणणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

दुसरी वाट तिकिटाची. ती आंबेडकरी पक्षाने आधी मोकळी केली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. वंचित बहुजन आघाडीने २०१९ मध्ये दिशा पिंकी शेख यांना प्रदेश प्रवक्तेपद दिले. २०२४ च्या विधानसभेला पहिल्याच यादीत रावेरमधून शमिभा पाटील यांना उमेदवारी दिली. त्या निवडून आल्या नाहीत, पण त्यांनी मत मागितले ते स्वतःच्या नावाने. अनिश गावंडे यांना राष्ट्रवादी शरदचंद्र पवार पक्षाने २०२४ मध्ये राष्ट्रीय प्रवक्ते केले. उघडपणे गे असलेला माणूस एवढ्या पदावर आला ही मोठीच गोष्ट. पण प्रवक्ता पक्ष नेमतो आणि नगरसेवक वस्ती निवडते, हा फरक उरतोच.

आणि बीड? माजलगावचे पोलीस कर्मचारी ललित साळवे यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, लढले, आणि पुरुष म्हणून पुन्हा खाकी घातली. जिल्ह्याने त्यांना स्वीकारले, तेव्हा आमची माणसे मागास आहेत ही सबब चालणार नाही. तरी 'मी गे आहे' असे म्हणून मत मागणारा उमेदवार आम्ही आमच्या एकाही वस्तीत पाहिलेला नाही. ते पोर तिथे नाही म्हणून नव्हे. त्याचे लग्न लावून दिलेले असते म्हणून.

आपल्या तालुका बैठकांत उमेदवार ठरवताना जात, पैसा आणि शिक्षण यांच्यानंतर चौथा प्रश्न येतो, लग्न झाले आहे का? तिशी उलटलेला, बिनलग्नाचा, चांगला बोलणारा, वस्तीत राबणारा कार्यकर्ता तिथेच कटतो. कारण कुणी विचारत नाही, तोही सांगत नाही. पुढच्या बैठकीत तो प्रश्न निघाला की हात वर करून "त्याचा काय संबंध?" असे आम्ही विचारणार आहोत, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेणार आहोत.