एका अल्बमची दोन स्वागते

‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ या अमेरिकी बँडचा ‘इन द एअरोप्लेन ओव्हर द सी’ हा दुसरा अल्बम १० फेब्रुवारी १९९८ रोजी बाजारात आला, तेव्हा नॉर्थ कॅरोलिनातील ‘मर्ज रेकॉर्ड्‌स’ या छोट्या कंपनीने त्याच्या सुमारे सात हजार प्रती काढल्या होत्या. तेवढ्या खपल्या तरी पुरे, असा तो व्यावहारिक अंदाज होता. पुढे या अल्बमभोवती जी दंतकथा वाढली तिच्याकडे वळण्यापूर्वी हा आकडा ध्यानात ठेवावा, असे आम्हांस वाटते.

बँड म्हणजे मुख्यतः जेफ मँगम. लुइझियानातील रस्टन या गावी शाळासोबत्यांचा एक कंपू जमला होता. घरगुती टेपरेकॉर्डरवर गाणी मुद्रित करून ती एकमेकांस ऐकवणे हा त्यांचा उद्योग. त्यातूनच पुढे ‘एलिफंट सिक्स’ हे मित्रमंडळ उभे राहिले. १९९६चा पहिला अल्बम, ‘ऑन एव्हरी आयलंड’, मँगमने जवळजवळ एकहाती केला होता. दुसऱ्याच्या वेळी मात्र जेरेमी बार्न्स, ज्युलियन कोस्टर आणि स्कॉट स्पिलेन सोबत होते. डेन्व्हरमध्ये १९९७ साली झालेल्या ध्वनिमुद्रणाची सूत्रे बालमित्र रॉबर्ट श्नायडरकडे होती. (याच श्नायडरने पुढे गणितात डॉक्टरेट मिळवली, हे जाता जाता.)

या ध्वनीविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे. साधी अकूस्टिक गिटार, पण इतक्या जोराने छेडलेली की तिचा आवाज फाटावा. तिच्यामागे लग्नाच्या मिरवणुकीतल्याप्रमाणे किंचित बेसूर वाटणारी पितळी वाद्ये, अकॉर्डियन, आयरिश बॅगपाइप आणि गज फिरवून वाजवलेली सुताराची करवत. या सर्वांवर मँगमचा ताणलेला, सुराची पर्वा न करणारा कंठ. लोकसंगीत आणि रॉक यांची सांगड नवी नव्हती. येथे नवी होती ती निःसंकोचता. ‘ओ कमली’ हे आठ मिनिटांहून मोठे गाणे म्हणे मायक्रोफोनच्या चाचणीसाठी सुरू केले आणि गायक थांबलाच नाही. अखेरीस दुरून आलेली एक थक्क आरोळी मुद्रणात तशीच राहू दिली आहे. अल्बमचे पहिले स्वागत असे अल्बममध्येच ऐकू येते.

गाण्यांच्या गाभ्याशी ॲन फ्रँक आहे. मराठी वाचकांना तिची दैनंदिनी अनुवादातून परिचित आहेच. मँगमच्या हाती ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात लागली, आणि वाचून तो कित्येक दिवस रडत राहिला, असे त्याने मुलाखतीत सांगितले. १९४५ साली बेर्गन-बेल्सन छळछावणीत मेलेल्या मुलीला एका अमेरिकी तरुणाने आपल्या स्वप्नांची नायिका करावे काय? आम्हांस हा प्रश्न टाळता येत नाही. काही जागी शोक आणि शारीर प्रतिमा यांची सरमिसळ अस्वस्थ करते. तथापि काळाचा काटा मागे फिरवून तिला वाचवण्याची ती इच्छा पोरकट असली तरी खोटी नाही, आणि तिचे अशक्यपण गायकाला ठाऊक आहे, असे आमचे मत आहे.

१९९८च्या समीक्षकांनी अल्बमची उपेक्षा केली, हा समज मात्र चुकीचा. ‘रोलिंग स्टोन’ने तीन तारे दिले, ‘पिचफोर्क’ या संकेतस्थळाने दहापैकी ८.७ गुण दिले. म्हणजे कौतुक झाले, पण बेताचे. त्याच वर्षाच्या दौऱ्यानंतर मँगम स्तब्ध झाला. नवा अल्बम नाही, मुलाखती जवळजवळ नाहीत. २००१ साली त्याच्या नावाने आले ते बल्गेरियातील लोकोत्सवाचे ध्वनिमुद्रण. चाहते त्याला हुडकू लागले. सालिंजरशी तुलना झाली. २००५ साली ब्रिटनमधील ‘डॉमिनो’ने अल्बम पुन्हा काढला, तेव्हा त्याच ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा गुण दिले. त्याच वर्षी किम कूपर यांचे या अल्बमवरील पुस्तकही आले. २००८ साली तर अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या विनाइल तबकड्यांत तो पहिल्या दहांत होता.

वाढलेले हे १.३ गुण कोणाचे? गाण्यांतला एक सूरही बदलला नव्हता. आमच्या मते त्यांतले काही गाण्यांचे, कारण दरम्यान अशा भाबड्या, सामूहिक, वाद्यवृंदी गायनाची सवय कानांना झाली होती. कॅनडातील ‘आर्केड फायर’ याच ‘मर्ज’वरून पुढे आले होते. पण काही गुण निखळ मौनाचे. आम्ही स्वतः हा अल्बम ऐकला तो ही कथा वाचल्यानंतर, त्यामुळे आमचाही कान निर्दोष नाही. पुढे अंतर्जालावर या भक्तीचीच टवाळी सुरू झाली आणि अल्बम आवडणे हा थट्टेचा विषय झाला. गाणी पुन्हा बाजूलाच राहिली.

२०१३ साली बँड पुन्हा एकत्र आला आणि २०१५पर्यंत कार्यक्रम करीत राहिला. नवे गाणे एकही आले नाही. छायाचित्रे काढू नयेत, अशी विनंती श्रोत्यांना केली जाई. मंचावर दाढीआड तोंड लपवलेला एक मध्यमवयीन गृहस्थ उभा असे, आणि श्रोते त्याच्या आधीच गाणे उचलीत.