एचआयव्ही रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या सांभाळणारे 'ट्रायल मॅनेजर' नेमकं काय करतात?

एचआयव्ही रोखणारं नवं औषध आलं की बातमीत शास्त्रज्ञांची नावं येतात. पण हजारो निरोगी माणसांना वर्षानुवर्षं त्या चाचणीशी जोडून ठेवण्याचं काम क्लिनिकल ट्रायल मॅनेजर आणि त्यांची टीम करते.

हे काम अवघड का?

उपचारांच्या चाचणीत रुग्णाला बरं व्हायचं असतं. इथे सहभागी निरोगी असतात, त्यामुळे रोज औषध घेण्याची निकड वाटत नाही. शिवाय घरात एचआयव्हीची गोळी दिसली तर लोक काय म्हणतील, ही भीती असतेच.

२०१३ मध्ये निकाल आलेली 'व्हॉइस' चाचणी याचं ठळक उदाहरण. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या ५,०२९ महिला त्यात होत्या. औषध जवळपास ९० टक्के वेळा घेतल्याचं त्या सांगत होत्या. रक्त तपासल्यावर मात्र एक तृतीयांशाहून कमी नमुन्यांत औषध सापडलं. त्यामुळे त्या महिलांना औषधाचा फायदा दिसलाच नाही.

वर्षातून दोनच इंजेक्शनं लागणाऱ्या लेनाकापाविरच्या २०२४ मधल्या चाचणीत चित्र वेगळं होतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही.

रोजचं काम काय असतं?

- नीतिमत्ता समितीची परवानगी घेणं. भारतात चाचणीची नोंद 'सीटीआरआय'मध्ये करावी लागते.
- संमतीपत्र सहभागीला तिच्या भाषेत नीट समजलंय ना, हे पाहणं.
- औषधांचा साठा, नमुने, नोंदी आणि बजेट सांभाळणं.
- गंभीर दुष्परिणाम झाल्यास २४ तासांत कळवला जाईल, याची खात्री करणं.
- सहभागींची ओळख गुप्त ठेवणं. भारतात २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानेही हे बंधनकारक आहे.

पुण्याचा संबंध काय?

पुण्यात १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी' सुरू झाली. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या 'एचपीटीएन ०५२' चाचणीचं एक केंद्र पुण्यात होतं. बाधित जोडीदाराला लवकर उपचार दिले तर दुसऱ्याला संसर्ग होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं, असं २०११ मध्ये त्यातून दिसलं.

या क्षेत्रात कसं यायचं?

फार्मसी, नर्सिंग, जीवशास्त्र, आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेले अनेक जण इथे येतात. सुरुवात साधारण क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून होते. 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस'चं प्रशिक्षण लागतंच. पुढे मॉनिटर आणि मग मॅनेजर, अशी वाट असते. समाजकार्य शिकलेल्यांना समुपदेशन आणि वस्तीपातळीवरच्या कामात संधी मिळते.

धोका कोणता?

पैसा बऱ्याचदा परदेशी निधीतून येतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या काही चाचण्या अर्ध्यावर थांबल्या. नोकऱ्या गेल्याच, पण आधीच औषध घेतलेल्या सहभागींचं पुढे काय, हा प्रश्नही उभा राहिला.

म्हणूनच या करिअरमध्ये फायली जितक्या महत्त्वाच्या, तितकाच विश्वासही. 'गोळी घेतली नाही' हे एखादी महिला न घाबरता सांगू शकली, तरच चाचणीचा निकाल खरा ठरतो.