५ मार्च २०१९ : फाशीच्या दोरापासून सहा जणांची सुटका

नाशिक जिल्ह्यातील २००३च्या हत्याकांडात फाशी सुनावलेल्या भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने या दिवशी निर्दोष ठरवले. याच न्यायालयाने २००९मध्ये सहाही जणांना फाशीच योग्य मानली होती. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या फोटो अल्बममधील वेगळ्याच चौघांवर बोट ठेवले होते. त्यांच्यावर खटलाच भरला गेला नाही. फाशीच्या फेरविचार अर्जांवर खुल्या न्यायालयात सुनावणी घेण्याचा नियम २०१४मध्ये झाला, त्यानंतर हे प्रकरण पुन्हा उघडले. सोळा वर्षांच्या कैदेपोटी प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. दोर आवळला असता, तर भरपाई घ्यायला कोण उरले असते? गरीब आरोपीलाही पहिल्या दिवसापासून चांगला वकील मिळायलाच हवा.