दोन भाऊ, दोन कामे : किर्लोस्करवाडीची कहाणी

बऱ्हाणपुरात घरचा धंदा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पावरलूमच्या घरात एक जण सूत आणतो, एक मागावर उभा राहतो, बायका कांड्या भरतात आणि रात्री कोणीतरी हिशेब लिहितो. आम्ही लोधीपुऱ्यात राहणारे लोक हे पाहतच मोठे झालो. असे धंदे पुष्कळदा तोट्याने बुडत नाहीत. ‘राबतो मी आणि नाव त्याचे’ या एका वाक्याने मोडतात. म्हणून विहिरीवरच्या पंपावर आपण जे नाव लहानपणापासून वाचत आलो, त्या किर्लोस्कर घराचा आरंभ आठवणे आम्हांस उचित वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली बेळगावजवळच्या गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. पुढे डोळ्यांना रंगांतला भेद नीट कळत नाही असे दिसून आले. रंग सुटले, पण रेषा हाती राहिली. लक्ष्मणराव यंत्रांची रेखाचित्रे शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले.

1888 साली सायकलचा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. एकाला यंत्र कळे, दुसऱ्याला माणूस. दुकानाला दोन्ही लागत होते.

मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर उत्तम असूनही तो खपेपर्यंत फार धीर धरावा लागला.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आश्रय दिला. 1910 साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर कारखाना आला. लक्ष्मणरावांनी यंत्रे पाहिली, तर वसाहत वसविणे आणि तिचा कारभार रामूअण्णांनी सांभाळला. ते नसते तर माळावर कामगार टिकणे कठीण होते. शंभूराव जांभेकर यंत्रकामात आणि मंगेशराव रेगे हिशेबात, असे बाहेरचे लोकही त्या घरचेच झाले. पुतणे शंकरराव यांचा हात लेखणी आणि कुंचल्यावर होता. त्यांना लोखंडाच्या कामाला न जुंपता ‘किर्लोस्कर खबर’ काढू दिली. 1920 साली निघालेले ते पत्रक पुढे मराठीतले नामांकित मासिक झाले.

रामूअण्णांना लक्ष्मणरावांसारखे यंत्र करता आले नसते, पण म्हणून त्यांचे काम हलके कोणी मानले नाही. आम्हांस यातले मर्म इतकेच दिसते. मागावर उभा राहणारा आणि वही लिहिणारा, दोघांचा घाम सारखा दिसत नाही. कांड्या भरणारीचा तर कोणी मोजतही नाही. घरात वाटण्यांची भाषा सुरू होण्याआधी कोणाला काय साधते, याची एकदा मनमोकळी वाटणी करावी आणि प्रत्येकाच्या कामाचे नाव चारचौघांत घ्यावे.

श्रीगजानन आपल्या घरांना ही सुबुद्धी देवो, हीच प्रार्थना.